उंदरांचा प्रयोग अर्धाच सांगितलात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एपिजेनेटिक्सवर, म्हणजे जनुकं तीच राहून ती कधी आणि कुठे वाचली जातात याच्या अभ्यासावर, आलेला लेख आमच्या घरात तिघांनी वाचला. मी वाचला, कारण बावीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवते आहे. नवऱ्याने वाचला, कारण मी त्याच्या हातात तो दिला. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने मात्र आम्हा दोघांच्या आधीच वाचला होता. मी पुरवणी उघडली तेव्हा लेखाशेजारच्या चौकटीतल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलेली होती: ‘गरोदरपणी आईने सोसलेला ताण बाळाच्या जनुकांवर कायमचा कोरला जातो.’ त्यातल्या ‘कायमचा’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

मुलगी आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती. आपण दत्तक आहोत हे तिला कळत्या वयापासून ठाऊक आहे. तिच्या जन्मदात्रीविषयी आमच्याकडे दोनच ओळींची माहिती आहे आणि त्या दोन ओळींत सुखाचं काही नाही. त्या ओळीही तिने वाचल्या आहेत. रात्री झोपायच्या आधी ती म्हणाली, “यात मी पण येते ना?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दिलं. ते तिच्यापुरतंच ठेवायचं होतं, पण ती चौकट वाचून गप्प झालेली ती एकटीच नसणार, म्हणून आपल्याला लिहिते आहे. जागेअभावी पत्रात काटछाट करावी लागली तर जरूर करा. फक्त गरोदर बायकांविषयीचा मजकूर तेवढा राहू द्या.

लेखात पायाभूत गोष्टी बरोबर होत्या, हे आधी सांगते. ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञांनी १९४२ साली वापरात आणला. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, तरी डोळ्याची पेशी डोळ्याची होते आणि यकृताची यकृताची. कारण कुठल्या पेशीत कुठली जनुकं वाचायची आणि कुठली वगळायची हे निराळं ठरत असतं. ते ठरवणाऱ्या खुणांमध्ये डीएनएवर चिकटणारे मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट येतात, आणि डीएनएचा धागा ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे बदलही येतात. धागा घट्ट गुंडाळलेला असला तर तिथलं जनुक वाचलं जात नाही, सैल झाला तर वाचलं जातं. आपल्या कचेरीतल्या मुद्रितशोधकाचं काम यापेक्षा फार वेगळं नाही. मजकूर लेखकाचा तसाच राहतो, समासातली खूण सांगते की ही ओळ गाळा, ही घ्या. आणि गाळलेली ओळ पुन्हा ठेवायची असेल तर त्याचीही खूण असते. चौकट लिहिणाऱ्याच्या लक्षातून हे शेवटचंच निसटलं.

आता उंदरांकडे येते. लेखात मॅकगिल विद्यापीठातल्या मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या प्रयोगाचा उल्लेख होता. काही उंदीर-आया पिल्लांना पुष्कळ चाटतात, गोंजारतात, काही फारसं चाटत नाहीत. कमी गोंजारलेली पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट होतात, एवढं सांगून लेख पुढे गेला. ते खरंच आहे, आणि त्याची कारणसाखळी फार सुंदर आहे. ताण आला की अधिवृक्क ग्रंथींमधून संप्रेरक सुटतं, माणसात कॉर्टिसॉल आणि उंदरात त्याचं जवळचं भावंड. ते रक्तातून मेंदूत पोचतं. तिथे हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातले रिसेप्टर ते ओळखतात आणि ‘पुरे, आता थांबा’ असा निरोप उलट धाडतात. हा झाला ब्रेक. कमी गोंजारलेल्या पिल्लांत या रिसेप्टरचं जनुक चालू-बंद करणाऱ्या कळेवर मिथाइलच्या खुणा जास्त राहतात, म्हणून रिसेप्टर कमी बनतात आणि ब्रेक उशिरा लागतो. जन्मल्यानंतर लगेच दोन्ही प्रकारच्या पिल्लांत या खुणा सारख्याच असतात. फरक पडतो तो पहिल्या आठवड्यात, चाटण्या-गोंजारण्याने.

पण त्याच संशोधकांनी पिल्लांची अदलाबदलही केली होती! कमी चाटणाऱ्या आईची पिल्लं जन्मल्याबरोबर जास्त चाटणाऱ्या आईकडे ठेवली, आणि तिची हिच्याकडे. मोठी झाल्यावर ती पिल्लं वाढवणाऱ्या आईसारखी निघाली. वागण्यातही आणि त्या खुणांच्या बाबतीतही. १९९९ साली याच गटाने दाखवलं होतं की अशी अदलाबदल केलेल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्या तेव्हा त्यांनीही पिल्लांना आपल्या सांभाळणाऱ्या आईइतकंच चाटलं. म्हणजे वारसा पुढे गेला, पण बीजांडातून किंवा रक्तातून नव्हे. तो जिभेच्या स्पर्शातून गेला. आणि २००४ च्या ज्या शोधनिबंधाच्या आधारे आपला लेख उभा आहे, त्याच निबंधात पुढे आहे की पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या मेंदूत एक रसायन सोडल्यावर त्या खुणा बदलल्या आणि ताणाला दिला जाणारा प्रतिसादही बदलला. पुढच्याच वर्षी त्यांनी उलट दिशेनेही बदल घडवून दाखवला.

दत्तक मुलाच्या आईला या प्रयोगाचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मुलगी घरी आली त्याच आठवड्यात मला सांगितलं होतं, “कुणाचं रक्त, काय, बघून घेतलंत ना?” त्या आता नाहीत आणि त्यांच्यावर माझा राग नाही. पण तेच वाक्य आता मिथाइल, हिस्टोन अशा शब्दांचे कपडे घालून सुशिक्षित घरांत परत येताना दिसतं, तेव्हा मला राहवत नाही. पूर्वी रक्त म्हणायचे, आता जनुकांवरची छाप म्हणतात. मुलाला ऐकू येतं ते एकच.

उत्तर देताना मी मुलीला तिचीच गोष्ट सांगितली. ती तिला अर्धवट आठवते. पहिले काही महिने भांड्यावरचं झाकण हातून सुटून पडलं तरी ती रडायची नाही. तेच आम्हाला घाबरवायचं. दोन वर्षांचं मूल दचकून रडतं, आईकडे धावतं. ही असेल तिथे थिजायची. खांदे कानांपर्यंत वर, मुठी आवळलेल्या, श्वास धरलेला. मी घड्याळात मोजलेलं आहे, कधी कधी ती दोन-दोन मिनिटं तशीच उभी असायची. जवळ घेतलं तर अंग लाकडासारखं लागायचं. रात्री मी तिच्या पाठीवर तळवा ठेवून बसायचे आणि ती झोपेतच हात मागे नेऊन माझी बोटं चाचपायची. हात काढला की जागी व्हायची. वर्षभर मी उजव्या कुशीवर झोपलेली नाही.

शाळेत याचं वेगळंच रूप दिसलं. दुसरीत असताना सातचा पाढा तिला घरी पक्का यायचा. सात एके सात, सात दुणे चौदा, पायऱ्या चढत-उतरत म्हणायची. वर्गात बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं की ‘सात त्रिक’ला अडकायची ती अडकायचीच. एका शिक्षिकेने वहीवर ‘घरी सराव करून घेत नाही’ असा शेरा लिहिला. पुढच्या वर्षीच्या बाईंनी मात्र तिला दारापासून लांब, भिंतीलगत बसवलं, पाढे म्हणून न घेता लिहून घेतले आणि वर्गात डस्टर आपटणं बंद केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने सगळ्यांसमोर सत्तावीसपर्यंत पाढे म्हटले. त्या बाईंनी एपिजेनेटिक्स हा शब्द ऐकला असेल की नाही कोण जाणे, पण मेंदू कधी शिकतो आणि कधी नुसता जीव वाचवण्यात गुंततो हे त्यांना नेमकं कळलेलं होतं. ज्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो ब्रेक असतो, तोच भाग नव्या आठवणी बांधायचंही काम करतो.

शिकण्याच्या बाजूचं संशोधन लेखात एका ओळीत उरकलं, याची मला खंत वाटली. ‘कायमचा’ या शब्दाला सगळ्यात सरळ उत्तर तिथेच आहे. २००७ साली कोर्टनी मिलर आणि डेव्हिड स्वेट यांनी उंदरांना एका ठिकाणाची भीती शिकवली आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काय होतं ते पाहिलं. तासाभरात स्मृतीला अडवणाऱ्या एका जनुकावर मिथाइल गट चढले आणि स्मृतीला मदत करणाऱ्या दुसऱ्या एका जनुकावरून उतरले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर दोन्ही पूर्ववत. मिथाइल चढवणारं विकर रोखलं तर उंदरांना ती गोष्ट लक्षातच राहत नव्हती. म्हणजे शिकायचं तर या खुणा हलाव्याच लागतात. त्याच वर्षी ली-ह्वेइ त्साय यांच्या गटाने दाखवलं की मेंदूतल्या पेशी गमावलेल्या उंदरांना खेळायला, हुंगायला, चढायला भरपूर काही असलेल्या पिंजऱ्यात ठेवलं की त्यांची शिकण्याची शक्ती परतते, हरवल्यासारख्या वाटणाऱ्या जुन्या आठवणीसुद्धा परततात, आणि त्याबरोबर हिस्टोनवरच्या खुणाही बदललेल्या असतात. अशा गोष्टीला ‘कोरणं’ म्हणायचं असेल तर पाटीवर, पुसता येईल असं कोरणं म्हणावं लागेल.

पिढ्यांच्या वारशाविषयी जरा थांबून लिहिते, कारण लेखातलं ‘आजीचा ताण नातीच्या जनुकांत’ हे उपशीर्षक लोक वर्षभर एकमेकांना ऐकवतील.

गर्भवती स्त्रीच्या पोटात मुलगी असेल तर त्या मुलीची बीजांडंही जन्माआधीच तयार होऊ लागलेली असतात. म्हणजे आजीवर संकट आलं तेव्हा आजी, पोटातली मुलगी आणि नात जिच्यापासून होणार ती पेशी, अशा तिघीही तिथे प्रत्यक्ष हजर होत्या. नातीत काही फरक आढळला तर तो वारसा मानता येत नाही, तो थेट परिणामही असू शकतो. वारसा म्हणायचा तर पणतीपर्यंत जावं लागतं. शिवाय गर्भधारणेनंतर लगेच, आणि पुढे गर्भात जननपेशी घडताना पुन्हा, अशा दोनदा बहुतेक मिथाइल खुणा पुसून नव्याने मांडल्या जातात. काही वाचतात, हे खरं. पण सस्तन प्राण्यांत पुसणं हा नियम आहे आणि वाचणं अपवाद.

एमोरी विद्यापीठातल्या ब्रायन डायस आणि केरी रेस्लर यांचा प्रयोग लेखात ‘आजोबांची भीती नातवाला’ म्हणून आला. उंदरांच्या नरांना एका विशिष्ट वासाबरोबर सौम्य विजेचा धक्का दिला, आणि त्यांची मुलं व नातवंडं त्या वासाला जास्त संवेदनशील निघाली. प्रयोग विलक्षण आहे, वर्गात मी तो सांगते आणि मुलं डोळे विस्फारून ऐकतात. पण नाकाने घेतलेला अनुभव शुक्रपेशीपर्यंत पोचतो कसा, याचं समाधानकारक उत्तर त्यात नव्हतं, आणि निष्कर्षाच्या आकडेवारीवर २०१४ सालीच शंका घेतली गेली. शिवाय ती पिल्लं एका वासापुरती हळवी होती. तेवढ्यावरून माणसांच्या घराण्यांचं भविष्य सांगता येत नाही.

माणसांवरचे दोन दाखले लेखात होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या उपासमारीच्या काळात गर्भधारणा झालेल्या ६० जणांत सहा दशकांनंतर वाढीशी संबंधित एका जनुकावरचं मिथाइल त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळलं, सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी. हा अभ्यास भक्कम आहे, पण त्यातली माणसं स्वतःच त्या उपासमारीत गर्भात होती, त्यांना कुणाकडून वारसा मिळालेला नव्हता. दुसरा दाखला रेचेल यहुदा यांचा, नाझी छळातून वाचलेल्या ३२ जणांचा आणि त्यांच्या २२ मुलांचा. आई-वडिलांत ताणाशी संबंधित जनुकाच्या एका जागी मिथाइल जास्त, आणि मुलांत त्याच जागी कमी. ही प्रत उतरल्याची खूण कशी म्हणणार? रक्ताचा नमुना घेतला होता, मेंदूचा नाही. आणि अशा आई-वडिलांच्या सहवासात लहानाचं मोठं होण्याचा परिणाम वेगळा काढायचा कसा, हा प्रश्न तर राहतोच.

माझ्या मुलीच्या पेशींत काय बदललं हे मलाही सांगता येणार नाही. जिवंत मुलाच्या हिप्पोकॅम्पसचा तुकडा काढून कुणी पाहत नाही. मी सांगते ते तिच्या वागण्याविषयी आणि इतर मुलांच्या मोजलेल्या कॉर्टिसॉलविषयी.

रुमानियातल्या बुखारेस्टमधल्या अनाथ मुलांच्या संस्थांतली १३६ मुलं २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात होती. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत दिली. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर त्यांची ताणाची चाचणी घेतली. संस्थेत वाढलेल्या मुलांची ताणयंत्रणा मंद पडली होती, ताण आल्यावर कॉर्टिसॉल जेवढं वाढायला हवं तेवढं वाढतच नव्हतं. जी मुलं २४ महिन्यांच्या आत कुटुंबात गेली त्यांचा प्रतिसाद मात्र घरात वाढलेल्या मुलांसारखा होता. हा निष्कर्ष २०१५ साली मी वाचला तेव्हा आमची मुलगी पहिल्यांदा शाळेत जायला लागली होती. चोवीस महिने. ती आली अठ्ठावीस महिन्यांची. त्या चार महिन्यांनी मला किती रात्री जागवलं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कागदपत्रांची एक सही ज्या कार्यालयात अडली होती, त्या टेबलापाशी मी मनाने कितीदा जाऊन भांडून आले आहे. पुढे २०१९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या मेगन गनर यांच्या गटाचा अभ्यास आला. संस्थांतून दत्तक गेलेल्या मुलांचा मंदावलेला कॉर्टिसॉल-प्रतिसाद वयात येताना इतर मुलांसारखा होत गेलेला त्यांना आढळला. म्हणजे २४ महिन्यांना बंद झालं असं मी समजत होते ते दार वयात येताना पुन्हा उघडू शकतं, अर्थात आजूबाजूचं घर सुरक्षित असेल तर. माझ्या मुलीचं ते वय आत्ता चालू आहे. तिला हे सगळं मी आकड्यांसकट सांगितलं. ‘चोवीस’ ऐकून तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच हिशेब केला. मग २०१९ चं ऐकून म्हणाली, “म्हणजे आत्ताच चाललंय ते?” मी हो म्हटलं.

राहिलं ते गरोदर बायकांचं. ती चौकट वाचणारी एखादी बाई आज सातव्या महिन्यात असेल. घरात कुणी दगावलं असेल, नोकरी गेली असेल, नवरा हात उगारत असेल. तिला आपण सांगितलं की तुझ्या रडण्याची छाप बाळावर कायमची बसते आहे. आता तिने काय करावं? ताण घेऊ नये म्हणून ताण घ्यावा? ज्यांनी तो ताण तिच्यावर लादला त्यांना त्या वाक्यात जागाच नाही. कर्ता म्हणून एकटी आईच आहे. सारा रिचर्डसन आणि सहा संशोधकांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये जाहीरपणे विनंती केली होती की असल्या अभ्यासांचं ओझं आयांच्या माथी मारू नका, वडील, परिस्थिती आणि समाज यांच्याकडेही बघा. वडिलांच्या शुक्रपेशींतूनही अशा खुणा जाऊ शकतात असं उंदरांवरचं संशोधन सांगतं, तरी चौकटीत वडील नव्हते. माझ्या मुलीला जन्म देणारी जी कोण बाई असेल, तिने जे सोसलं ते तिने हौसेने सोसलेलं नाही. तिच्या लेकीने एका चौकटीमुळे तिच्यावर राग धरावा, किंवा तिने दिलेलं काहीतरी बिघडलेलंच असणार असं समजावं, हे मला एक आई म्हणून सहन होत नाही.

म्हणून विनंती आहे. पुढच्या अंकात, त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत खुलासा छापा की गरोदरपणातल्या ताणाचा बाळावर परिणाम होऊ शकतो, पण या खुणा ‘कायमच्या’च ठरतात असं सिद्ध झालेलं नाही, आणि जन्मानंतर मिळणारी माया, अनुभव व शिकणं यांनी प्राण्यांमध्ये अशा खुणा बदललेल्या प्रत्यक्ष मोजल्या गेल्या आहेत. पिल्लांच्या अदलाबदलीचा प्रयोग एका परिच्छेदात मावतो. मजकूर हवा असल्यास मी लिहून पाठवीन.

पुरवणी आमच्याकडे सकाळी सगळ्यांत आधी आमची मुलगीच उघडते.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका

(मुलीच्या खासगीपणासाठी नाव व पत्ता छापू नये, ही विनंती.)